चार इंच

सर्जेकोटच्या धक्क्यावरून आमच्या वाडीकडे जे चढतं
त्याला रस्ता म्हणायचं, कारण दुसरा शब्द नाही.
दोन चाकोऱ्या, मधे जांभ्याचा कणा,
आणि त्या कण्यावर माझ्या पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलचा गोळा
रोज असा घासतो की दात आंबतात.
म्हणून पैसे साठवले, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.

तारकर्लीला कोल्हापूरच्या एकाची गाडी पाहिली होती,
चाकांवर अशी उभी
की खालून कोंबडा तुरा न वाकवता जाईल.
चार इंच, तो म्हणाला. फक्त चार इंच.
त्या रात्री झोपेत मला सगळंच चार इंच वर दिसलं,
होडी, पाणी, जेवणाचं ताट.

बस्त्यांव फर्नांडिस गाडीखाली उताणा पडूनच
गिऱ्हाइकाशी बोलतो. बाहेर फक्त पाय.
"उचलूया," पाय म्हणाले. "पाट्यांखाली ठोकळे घालतंय.
हौदो वर जातलो. तुझी मान वर जातली.
पण गोळो? गोळो चाकांच्या मधी.
भरलली गाडी असो नायतर रिकामी,
तो थंयच रवतलो, जंय आता घासता."
मग पान्याचा ठण् आवाज.
"आणि वढणारी चाकां कितकी? मागचीच दोन.
उंच झालो म्हणान माणसाक पेवूक येता काय रे?"

मला राग आला, खऱ्या बोलण्याचा येतो तसा.
चाकंच मोठी घेईन, मी म्हटलं.
घे, म्हणाला, मग चढावर पहिला गिअर रडेल.
मी वाळूचं काढलं:
रापणीच्या दिवशी किनाऱ्यावर उतरावं लागतं, तिथे रुततो.
त्यावर तो म्हणाला, चाकातली हवा सोड,
आणि आधी माल भर, मगच हल.
रिकाम्या गाडीचं मागचं अंग हलकं,
एक चाक वाळू उपसत बसतं, दुसरं बघत.
हे मला ठाऊक होतं. आमच्या घरातही असंच चालतं.

तरी रविवारी मागची चाकं चढवली
दोन पातळ चिऱ्यांवर, मोजून चार इंच,
नुसतं बघायला, कशी दिसते.
झकास दिसली. दोनदा फोटो काढले.
तेवढ्यात होडी लागली.

सुगंधा कुबल सतरा वर्षं या धक्क्यावर
पाट्या चढवते, कुणाच्याही गाडीत.
डोक्यावरची पाटी नेहमीच्या झोकात तिने पुढे सोडली
आणि पाटी फाळक्यावर आपटली.
बांगडे सांडले. बर्फाचं पाणी
कोपरावरून तिच्या काखेत गेलं.
तिने आधी गाडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे.
"गाडी वाडली," तिने विचारलं,
"काय मीच झिजलंय?"

मी वाकून बांगडे वेचले. बत्तीस होते.
मोजले, कारण वर बघायचं नव्हतं.

ते चिरे फोडून चढावरच्या डाव्या चाकोरीत टाकले.
बस्त्यांव आला, टाचेने दाबून गेला, काही बोलला नाही.
उभा राहिल्यावर तो एवढा बुटका आहे
हे मला तेव्हा कळलं.

डबा अजून आहे. पैसेही आहेत.
खोटं कशाला बोलू, तारकर्लीची ती गाडी
अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

काल पहाटे बॅटरी घेऊन कण्यावरून चालत गेलो.
जांभ्यात एक रेघ पडलीय, तेलकट, बोटभर खोल,
इतक्या वर्षांत माझ्याच गोळ्याने कोरलेली.
बोट घालून पाहिलं.
नखात लाल भुकटी आली, आणि थोडं काळं तेल,
ताजं.
सील गेलंय. ते आधी बदलायला हवं.