पान उलटणारा

माझं काम सोपं होतं.
तिच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे,
खुर्चीच्या कडेवर बसायचं
आणि तिनं मान हलवली की उठून
वरचा कोपरा दोन बोटांत धरून
पान उलटायचं, पट्ट्यांवर सावली पडू न देता.
माझ्याशिवाय लाइने पाल्गीचं पान हलत नाही,
असं मी घरी सांगायचो. बायको हसायची.
एकोणीस वर्षं. दर मैफिलीला साठ क्रोन, जेवण वेगळं.
रक्कम कधी वाढली नाही, मीही कधी बोललो नाही.

टार्टू, विल्यांडी, व्होरू, एकदाच हेलसिंकी.
आणि नार्व्हा, जिथे नदीपलीकडे रशिया होता
आणि पियानोचा खालचा एक स्वर
दाबला की वर येईना.
तो तिनं संध्याकाळभर टाळला,
म्हणजे त्याच्या जागी फक्त श्वास घेतला.
सकाळी वर्तमानपत्रात छापून आलं, ‘नवा अन्वयार्थ’.
बसमध्ये तिनं ते मला वाचून दाखवलं,
राईचा पाव कुरतडला
आणि परीक्षणाच्या कडेला पेन्सिलीनं
काहीतरी लिहीत बसली.

मला वाटायचं, हिशेब लिहिते.
तिचा कोट नेहमी कागदांनी फुगलेला.
तिकिटं, पावत्या, सर्दीच्या गोळ्यांची वेष्टनं,
सगळ्यांची मागची बाजू भरलेली.

मग पार्नू. फेब्रुवारी, समुद्र गोठलेला,
पहिल्या रांगेत लोक अंगावर कोट तसेच ठेवून.
सोनाटाच्या संथ भागात मी पान उलटलं
तर तीन मात्रांच्या विरामावर,
बोटांचे आकडे लिहितात त्या जागी,
चार, एक, दोनच्या शेजारी, बारीक अक्षरात:

आईच्या हातमोज्यात तिची बोटं अजून आहेत.
मी फक्त आत जाऊन बसते.

मी वाचत राहिलो.
तिनं मान हलवली. मी वाचतच होतो.
पुन्हा हलवली, आणि मग
डाव्या हातानं वाजवता वाजवता
उजव्यानं स्वतःच पान उलटलं.
सभागृहाला पत्ता लागला नाही. मला त्या थंडीत घाम फुटला.

नंतर आत, बादलीभर कोमट पाण्यात
कोपरापर्यंत हात बुडवून ती म्हणाली,
“तौनो, ते वाचायचं नव्हतं.
ते वाजवायचं होतं.”
ती रागावली होती का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बावन्नाव्या वर्षी तिची उजवी अनामिका बधिर झाली.
नावच नाही त्या बोटाला, ती म्हणाली,
तक्रार तरी कुणाच्या नावानं करू.
ताल्लिनच्या डॉक्टरनं सुया टोचल्या,
मग तिला लहान मुलांचे फोटो दाखवत राहिला.
ठरलेल्या अकरा मैफिली रद्द झाल्या.
मी शाळेच्या तळघरात बॉयलर सांभाळू लागलो.
तिथे कुणी मान हलवत नाही,
काटा लाल खुणेवर गेला की उठायचं.

दोन वर्षांनी फोन आला.
“काळा कोट घालून ये. अजून बसतो ना?”
पुस्तक निघालं होतं, एकेचाळीस पानांचं.
वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर तेवीस माणसं,
त्यातली चार बर्फ थांबायची वाट बघत आलेली.
पुढे दोन खुर्च्या आणि नोटांचा जुना स्टँड.
मी डावीकडे बसलो, अर्धं पाऊल मागे.
तिला सगळं पाठ होतं, हे तिसऱ्याच ओळीला कळलं.
तरी पान संपता संपता मान हलायची,
पूर्वीसारखीच, अर्धी मात्रा आधी.

सव्विसाव्या पानावर दोनच ओळी.
मी त्या ओळखल्या.
लोक वाट बघत होते. कुणीतरी खोकलं.
तिचे हात मांडीवर होते, मनगटं किंचित उचललेली,
आणि ती काहीच बोलली नाही.
एक. दोन. तीन.
मान हलली.
या वेळी मी चुकलो नाही.

जिन्यात तिनं पाकीट दिलं.
आत साठ क्रोन.
देशात युरो येऊन दोन वर्षं झाली होती.
बायको म्हणते, बँकेत अजून बदलून देतात.
बघू.