चाकाओची खाडी

या हिवाळ्यातला तिसरा न्यूमोनिया.
फेरीबोटीवरचा एलादियो आता काही विचारत नाही,
अँब्युलन्स दिसली की ट्रकवाल्यांना मागे सरकवतो.

ओरिएताची पिशवी आम्ही सोडतच नाही:
सक्शनच्या नळ्या, मोजे, कान तुटलेला ससा.
(ती छत्तीस वर्षांची आहे. सशाबद्दल बोलायचं नाही.)

पुएर्तो मोंतचा डॉक्टर नवा,
सगळं आईकडे बघून सांगत होता.
बाबा म्हणाले, तिला विचारा. डोळे वर गेले की हो.
त्याने विचारलं. तिने डोळे मिटून घेतले.
म्हणजे?
म्हणजे तुम्ही फार बोलता.

दर खेपेला ती थोडं तिकडेच ठेवून येते.
मार्चमध्ये गिळणं.
जूनमध्ये डावा हात,
ज्याने माझे केस ओढायची.
उरलं तेवढ्यात आम्ही पुन्हा घर मांडतो.

आज परत निघालोय. धुकं.
बाबांनी खुर्चीच्या चाकाखाली पाचर सारली,
त्यांनीच तासलेली, येऊन-जाऊन गुळगुळीत झालेली.
घरी बटाट्यांना मोड आले असतील, आई म्हणते,
लावून टाकायचे का गं, ओरिएता?

डोळे वर.

वरून एक पक्षी गेला, त्यामुळेही असेल.
आम्ही हो धरलं.