मानस

मंगळवार. बांबोळीचं इस्पितळ, तळमजला, खोली चार.
फटू कुंडईकर, वय एकाहत्तर, गाव आखाडा.
डावा पाय.
लुंगी मांडीपर्यंत खोचून तो स्टुलावर उभा राहतो,
मी थंड जेल लावते.
‘शेवाळ गो हें,’ तो म्हणतो.

पोटरीवर शिरा उठून आल्यात, वळणं घेत, गाठी मारत.
घोट्याजवळची कातडी चिकूच्या सालीसारखी.
चाळीस वर्षं हा पाय पाण्यात उभा होता,
खाजनाच्या बांधाला लाकडी दारं असतात ना, मानस,
तिच्या राखणीला.

पडद्यावर आधी धमनी येते.
जाड भिंतीची; ठोका झेलून फुगते, परत मापात बसते.
मी दाबते, ती बधत नाही.
शेजारची शीर लगेच मिटते, ओल्या कागदासारखी,
सोडली की उघडते, काही मनात न धरता.

‘तांबडें रगत बरें, निळें वायट?’
नाही हो. तांबडं म्हणजे माझ्याकडे येणारं,
निळं माझ्यापासून जाणारं.
यंत्र रंग देतं दिशेला.
तो बराच वेळ गप्प.
मग: ‘म्हणजे भरती नि सुकती.’

पोटरी दाबते. निळं वर सरकतं, काळजाच्या वाटेनं, घाईत.
हात काढते.
आता झडप मिटायला हवी. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ
दोन पापण्या, वरच्या भारानंच एकमेकींवर टेकणाऱ्या.
पडदा तांबडा होतो.
एक सेकंद. दोन. अडीच.

मी अहवालातला शब्द शोधतेय तोवर तोच सांगतो:
‘फळी कुसली.’

मग स्टुलावरूनच मला शिकवतो.
मानस कुणी उघडत नाही, कुणी लावत नाही.
नदी चढली की तिचाच रेटा दार मिटतो,
उतरली की शेताचं पाणी ते ढकलून बाहेर पडतं.
माणसानं फक्त फळ्या बघायच्या, भेगांत चिखल भरायचा.
एक फट राहिली तर खारं पाणी रात्रभर आत येतं,
आवाज न करता,
आणि तीन वर्षं कोरगुटसुद्धा रुजत नाही.

माझी नजर त्याच्या घोट्यावर.

त्याहून खोल माझं यंत्र पोचत नाही.
तिथं केशवाहिन्या, एका पेशीच्या भिंतीच्या,
जिथून तांबड्या पेशी एकामागून एक, अंग चोरून जातात,
डोईवर भारा घेऊन अरुंद बांधावरून बायका जाव्यात तशा.
खरी देवघेव तिथंच. वरचा सगळा नुसता प्रवास.

‘फळी बदलतले?’
नाही. ही शीर बंद करतील.
‘आनी उदक?’
दुसऱ्या शिरांनी जाईल.
तो मान हलवतो. पटलं की नाही, कळत नाही.
भिंतीवरचं घड्याळ बघतो. चार वाजता सुकती,
मुलाला जाळं नीट बांधता येत नाही म्हणे.
जेल लुंगीलाच पुसून निघतो.

दाराबाहेर अजून नऊ जण.
सकाळी आठपासून मी उभी आहे.
माझ्या गुडघ्यामागे एक निळी रेघ आहे, बारीक,
गेल्या वर्षी नव्हती.
प्रोब हातात आहे.
पुसते, जागेवर ठेवते,
पुढचं नाव पुकारते.