गुरुवारचा प्रौढ वर्ग, सावदा

साडेसात. ट्यूबलाइट लागायला वेळ घेते.
अकरा जण, एक चष्मा दोघींत.
तिमथी मास्तर द्राक्षमळ्याचा दाखला काढतात:
पाच वाजता आलेल्यालाही पूर्ण मजुरी.

घड कापून आलेला शिमोन
केळीच्या चिकाने काळे झालेले हात
मांडीखाली घेतो.
"मग सकाळपासून राबलेल्यानं काय करायचं?"

मास्तर पुस्तकात बघतात.
मंडळीचे वडील लूकस छताकडे;
सहा दिवस ते मुकादम असतात.

रिबकाबाई बोट ठेवून
अजून मागच्याच ओळीवर.
मान वर न करता म्हणते,
"तो दिनभर नाक्यावर उभा व्हता ना,
कोनी बलावं नही म्हनीसन?
उभं ऱ्हानं बी कामच शे, भाऊ."

प्रार्थना आज लांबते.
मग चहा. किटली लूकसकडे.
शिमोनच्या कपात तो ओतत राहतो,
बशीत सांडेपर्यंत.