एकाच खिशात

कुदुसमध्ये पहाटे साडेपाचला
गल्लीगल्लीतून आमच्या सायकली निघतात
आणि लवंगेचा वास आमच्या आधी फाटकाशी पोचलेला असतो.
इथे सिगारेटचं नावच तिच्या आवाजावरून पडलंय.
क्रेतेक. जळताना लवंग तडतडते, तो आवाज.

म्हणतात, पहिली क्रेतेक वळली
छाती भरून येणाऱ्या एका माणसाने, औषध म्हणून.
मुकादमीण ही गोष्ट सांगते नव्या पोरींना,
हसत नाही कुणीच.

लिंतांगच्या छातीतल्या आवाजाला मात्र
आम्ही अजून नाव ठेवलेलं नाही.
सतराचा आहे. धाकटा.
मागच्या वर्षी मैदानाला सहा फेऱ्या मारायचा,
आता दुसरीतच वाकतो, गुडघे धरतो,
बुटाची नाडी सुटल्याचं सोंग करतो.

काल त्याची शाळेची पँट धुवायला घेतली.
खिशात निळा पंप
आणि त्याला बिलगून दोन क्रेतेक.
पंपाच्या तोंडालाही लवंगेचा वास.
ओरडले नाही मी.
एक उचलून उजेडात धरली:
शेपटीकडे जरा जास्तच आवळलेली.
आमच्या रांगेत असं आवळणारी
मी एकटीच आहे.
रोजच्या तीन हजार. त्यातूनच पंप येतो.

रात्री दोनला तो उठून बसला.
खांदे कानांपर्यंत, गळ्याखालचा खळगा आत ओढलेला,
"म्बाक... खिडकी..."
एका हाकेला दोन श्वास.
पाण्याच्या बाटलीला भोक पाडून केलेला नळा
तोंडाला लावला, पंप दाबला
आणि मोजत बसले. मला मोजता येतं,
पन्नासचं बंडल डोळे मिटून बांधते मी.
मिनिटाला अडतीस.
मग चौतीस.
मग पंप हलवून पुन्हा.
कपाळावर हात ठेवला
तर त्याने मान फिरवली.
"वास येतो तुझ्या हाताला."
येतो. साबणाने जात नाही, लिंबानेही नाही.
तुझ्या तोंडाला येतो तो कुठला, हे विचारायचं होतं.
पण त्याच्याकडे उत्तराएवढी हवा नव्हती.

पहाटे झोपला, तोंड उघडं टाकून.
त्या दोघी चुलीशेजारी तशाच पडल्या होत्या.
मोडायला गेले, हात धजेना.
चांगल्या वळल्या होत्या.

साडेपाच.
सायकलच्या मागच्या चाकात हवा नव्हती.
अंगणातच पंप मारला, चार-पाच दाब,
आणि हवा गेली आत
जशी जायला हवी तशी,
मुकाट.