बाराचं यंत्र

उलापूलच्या वर, मेंढ्यांच्या कुंपणापाशी
इशबेलबाईंचा पंखा अजून फिरतो.
टॉर्किलनं लॉरीच्या अल्टरनेटरवर बसवलेला,
बारा व्होल्टचा.
मुलानं ग्लासगोहून धाडलेली बँक मात्र अठ्ठेचाळीसची:
चार बॅटऱ्या, एकीच्या खांद्यावर दुसरी.

"पंखा भंगारात घाल म्हणतो पोरगा,"
त्या म्हणाल्या, चहात दूध आधी ओतत.

मी मीटर लावला.
बाराचा रेटा अठ्ठेचाळीसच्या उंबऱ्याशीच थांबतो,
पाणी काय चढावर जातं?
व्होल्ट चढवणारी पेटी मिळते, सांगितलं,
पण ती घासाघासातून आपला वाटा काढते, तापते,
आणि स्वस्त नाही.
बाईंनी कपातच बघितलं.

मग पाना घेतला.
आधी इन्व्हर्टर बंद. मग पट्ट्या सोडल्या,
रांग मोडली,
चौघींना शेजारी शेजारी बसवलं,
लाल लालला, काळी काळीला,
आमच्याकडे जेवायला बसवतात तसं, पंगतीत.
कुणी कुणाच्या डोक्यावर नाही.
वाढपी एकटा, त्याचा हात सावकाश.

संध्याकाळी समुद्रावरून वारा आला.
काटा बारा, साडेबारा,
तेराच्या पुढे.
इशबेलबाई स्टूल ओढून बसल्या
आणि काट्याकडे बघत राहिल्या,
कुणी पोटभर जेवतंय तसं.

"आणि सकाळी?"
सकाळी पुन्हा रांगेत. कामाला.

त्यांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला.
कुठला नट आधी, दाखव म्हणाल्या.
टॉर्किलनं कधी हात लावू दिला नव्हता.