मालकाच्या रकान्यात

सकाळी सहाला देवगड बंदरातून धाकू कुबलांचा फोन :
"अगो, डिझेलचो रिपोर्ट खंय रवलो?
ट्रॉलर वाट बघतत."

सोसायटीच्या ऑफिसात कालच्या सुरमईचा वास.
सर्व्हरमागे पाल, गरम हवेला चिकटलेली.
स्क्रीनवर एकच तक्रार :
मालक सापडत नाही.

मुनाफ सारंग दोहाला गेला.
काल मीच त्याचं खातं पुसलं,
नियमाप्रमाणे, रजिस्टरात सही करून.
आणि दोन्ही डेटाबेस त्याच्याच नावावर :
एक रिपोर्टांचा, दुसरा तात्पुरता,
ट्रॉलरमागे बांधलेल्या होडीसारखा.
बसवले त्या दिवशी लॉगिन त्याचं होतं.
एवढंच. ठरवलं कुणीच नव्हतं.

आता कुणाला लावू?
मला? मला पणजीहून बोलावणं आलंय,
आईला अजून सांगितलेलं नाही.
'सा'ला? हात आपसूक तिकडेच जातो,
सगळं तिथूनच तर सुरू होतं.
पण 'सा'च्या कमरेला सगळ्याच किल्ल्या,
बर्फ कारखान्याची, पगाराची, तिजोरीची.
रिपोर्टाच्या खिडकीतून शिरलेला चोर
'सा'चा सदरा चढवून
थेट माजघरात जाऊन बसेल.

येताना घाटीवर राखणदाराची घुमटी लागते.
मागच्या चार गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर देवाचं नाव.
देव कधी आंबे उतरवत नाही,
पेटी भरत नाही, वाशीला जात नाही.
त्याचा अंगठा कुणाला घेता येत नाही.
गुरव बदलले, मानकरी कोर्टात गेले,
नाव तिथेच.

मी नवं खातं उघडलं.
पासवर्ड लांबलचक, डोळे मिटून बडवलेला,
कुठेच न लिहिलेला.
लॉगिनला बाहेरून कडी.
हक्क काही नाही, नुसतं नाव.
आधी 'राखणदार' लिहिलं,
मग खोडून 'रिपोर्टमालक' केलं,
पुढच्या माणसाला कळायला हवं.
दोन ओळींचा हुकूम :
एक ट्रॉलरला, एक मागच्या होडीला.
दुसरी मी विसरणारच होते.

प्रिंटर खाकरला.
"इलो गो इलो," फोनवर धाकू,
"आता कोणाच्या नावार केलंस?"
"जो कधी येणार नाही, त्याच्या."

पलीकडे नुसतं इंजिन, बराच वेळ.
मग म्हणाले,
"माझो ट्रॉलर अजून दादाच्याच नावार आसा.
दादाक जाऊन चार वर्सां झाली."